वकीलबाईनं मला बाहेर बसवलं

माझ्याच पोरीचं काम, माझ्याच पोरीचा कागद, आणि वकीलबाई मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा." मला वाटलं, बरोबर आलेल्या पुतण्याला म्हणाली. म्हणून मी हललो नाही. तर परत म्हणाली, "दोघंही."

आधी घरचं सांगतो. आम्ही नवरा-बायको आणि एकुलती एक मुलगी. ती आता चाळिशीला आली. जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नाही, तिथनं ती बुद्धीनं आणि जिभेनं सावकाश झाली. चालते, जेवते, आपलं आपण आवरते. पण बोलायला वेळ लागतो. मी शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत मोल्डर होतो. वाळूचे साचे करायचे आणि त्यात तापलेलं लोखंड ओतायचं. अंधारात जायचो, अंधारात यायचो. पोरीचं सगळं बायकोनं केलं. शाळेनं ठेवून घेतली नाही, तर हिनं घरात शिकवली. भाकरी थापायला, केएमटीच्या बसमध्ये चढायला, मिरचीची देठं काढायला.

दोघी दिवसभर बोलायच्या. बायको तव्यावर भाकरी टाकताना काहीतरी विचारायची आणि उत्तर तिसऱ्या भाकरीला यायचं. मी दुसऱ्या भाकरीला ताट उचलून बाहेरच्या सोप्यात गेलेला असायचो. मग झोपताना बायको मला सांगायची, आज ती असं म्हणाली, तसं म्हणाली. मी हूं करायचो. खरं सांगायचं तर निम्मं मला वाटायचं, हीच मनानं रचून सांगतेय. आईची माया असते.

मग बायको गेली. काविळीचं निमित्त झालं. घरात दोन माणसं उरली आणि मधला दुभाष्या गेला. पोरगी स्वयंपाकघरात, मी सोप्यात. ती ताट आणून ठेवायची, मी जेवायचो, ती ताट न्यायची. भांड्यांचा आवाज तेवढा घरात.

माझा पुतण्या मलकापूरला असतो. डेअरी आहे, खवा-पेढे करतो. चांगला पोरगा आहे, उगाच त्याला वाईट ठरवणार नाही. तोच म्हणाला, "आबा, तुमच्या माघारी ताईचं काय? कागद करून ठेवूया." चौकशी केली तेव्हा कळलं की पोरगी सज्ञान झाली की अशा पोरीचे आई-बापसुद्धा कायद्यानं पालक राहत नाहीत. कलेक्टर कचेरीतली एक समिती पालक नेमून देते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. चाळीस वर्षं आम्ही सांभाळतोय आणि कायद्याला आम्ही कोणच नाही! तरी म्हटलं, ठीक आहे. ठरवून टाकलं. पालक पुतण्या. माझ्या माघारी पोरगी मलकापूरला, घराला कुलूप. फोनवरच ठरलं. वकिलानं फक्त टाईप करायचं.

कसबा बावड्यात कोर्टाजवळ या बाईचं ऑफिस. वय असेल तिशीचं. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं, एकदाही मधे तोंड घातलं नाही. मला वाटलं, हुशार दिसतेय. आणि मग म्हणाली, बाहेर बसा.

"बाई, तिला काय कळतंय?" मी म्हणालो. "तिला इचारून काय उपेग? मी बाप हाय तिचा!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि दार धरून उभी राहिली.

बाहेरच्या बाकावर एक शेतकरी गडी बसलेला. माझं तोंड बघून म्हणाला, "पावणं, कसली केस?"

"केस न्हाय. पोरगी हाय."

"मग पोरगी आत आन् तुमी बाहीर?"

"तेच इचारतोय की!"

"आबा, हळू," पुतण्या म्हणाला. "कोर्ट हाय समोर."

"कोर्टाला ऐकू जाऊ दे की! एवढं काय गुपित हाय आत?"

शेतकरी म्हणाला, "बसा गप. बाहीर बसायला तर फी न्हाय पडत."

दाराला धुरकट काच होती. दोन डोकी दिसत होती, आवाज नव्हता. बाई काही बोलत नव्हती, पोरगीही बोलत नव्हती. दोघी नुसत्या समोरासमोर. मी पुतण्याला म्हणालो, "बघ, म्हटलं न्हवतं? बसल्यात मुक्यासारख्या." चहा आला, पिऊन झाला, तरी तसंच. मग आतनं बोलण्याची कुजबुज, परत बराच वेळ गप्प, परत कुजबुज. आणि मग हसणं आलं. पोरीचं. बायको गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. तिचं हसणं आईसारखं आहे, आधी नाकातनं येतं आणि मग तोंडातनं. मी बाकावरनं उठलो तो उभाच राहिलो.

आत बोलावलं. वकीलबाई म्हणाली, "काका, ताईंनी परवानगी दिली आहे. त्या स्वतः तुम्हाला सांगणार आहेत."

"परवानगी? माझी पोरगी देणार, मला?"

तिनं नुसता हात वर केला, थांबा म्हणून. मी थांबलो. पुतण्या थांबला. वर पंखा फिरत होता. मला सुचेना कुठं बघावं. किती वेळ गेला देव जाणे. तोंडापर्यंत आलेलं मी दोनदा गिळलं.

मग पोरगी बोलली. "मलकापूरला न्हाय जाणार."

परत थांबली. आम्हीही थांबलो.

"तिथं माझ्याशी कोण बोलत न्हाय. आबास्नी इचारत्यात. हिला चहा चालतो काय. हिला झोप आली काय. मी तिथंच बसून असतो."

पुतण्यानं मान खाली घातली. खरंच होतं ते. त्याच्याच घरी असं नाही, सगळीकडेच. मी पण तसंच करत होतो.

"मला मिरचीला जायचं," ती म्हणाली. आमच्या गल्लीत एक जैन काकी आहे, घरी चटणी-मसाला करून विकते. स्वतः कांदा-लसणाला शिवत नाही आणि तिच्या कांदा-लसूण चटणीला पुण्यापर्यंत गिऱ्हाईक. बायको दुपारी पोरीला घेऊन तिथं जायची, बायकांच्यात बसून दोघी देठं काढायच्या. बायको गेल्यावर ते बंद पडलं. बंद केलं असं नाही, कुणी नेलंच नाही. ती मागत होती हे मला ठाऊकच नव्हतं.

मला वाटलं, संपलं. वकीलबाईचा हात अजून वरच होता.

"आई मेली तवा मला सांगितलं न्हाय," पोरगी म्हणाली. "काकीकडं बसवलं. सांजंला आलो तर आई न्हाय."

त्या दिवशी सगळेच म्हणाले होते, तिला कशाला न्यायचं, घाबरंल, तिला काय कळतंय. तिनं नंतर विचारलंही नाही. विचारलं असेल तर मी तिसऱ्या भाकरीपर्यंत थांबलो नसेन.

"आबा आजारी पडलं तर मला सांगायचं," ती म्हणाली. "मरताना बी सांगायचं."

एवढं बोलून ती दमली, पाणी प्यायली आणि खिडकीतनं बाहेर बघत बसली. मी खुर्चीत तसाच. फौंड्रीत जन्म गेला माझा, वितळलेलं लोखंड सांडताना बघितलंय. तेव्हाही असा बसून राहिलो नव्हतो. चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेलं माणूस आज पहिल्यांदा माझ्याशी बोललं. आणि बायकोनं रोज झोपताना जे सांगितलं ते रचलेलं नव्हतं. ते हिचंच होतं, शब्दन् शब्द.

पुतण्या तिला लिफ्टपाशी घेऊन गेला. मी मागं राहिलो. म्हणालो, "बाई, हे तुम्हाला शिकवलं कुणी? कॉलेजात?"

ती हसली. "कॉलेजात कुठलं काका. हे." तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. बारीक इंग्रजी अक्षर. मी चौथी शिकलेला, मला काय कळणार! ती सांगायला लागली. मुंबईत एक मोठं वकिलांचं ऑफिस आहे. त्यात काही वकील वर्षानुवर्षं हीच कामं करतात, पालकत्वाची, मृत्युपत्राची. त्यांनी दुसऱ्या वकिलांसाठी लिहून ठेवलंय, असं काम आलं तर काय करायचं, काय करायचं नाही, आम्ही कुठं चुकलो.

"वकील वकिलाला सांगतोय? फुकट?"

"फुकट नाही, वर्गणी आहे."

"तालमीच्या गणपतीसारखी?"

"तशीच. फक्त पावती वेळेवर मिळते."

मला खरं वाटेना. आमच्या फौंड्रीतला मिस्त्री वाळूत काय किती घालायचं ते कुणाला दाखवायचा नाही. आमच्याकडं पाठ करून कालवायचा. मेला तेव्हा ते सगळं बरोबर घेऊन गेला, सहा महिने निम्मा माल भंगारात. आणि इथं ही शहाणी माणसं आपली विद्या लिहून दुसऱ्याच्या हातात देतायत, वर आमची चूक झाली हेही लिहितायत!

"वाचा की काय लिवलंय," मी म्हणालो.

तिनं मराठीत सांगितलं. आई-बाप आधी बोलतील, त्यांना पोटभर बोलू द्या. मग त्यांना बाहेर बसवा. ज्याचं काम आहे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका. विचारल्यावर थांबा, तुम्हाला बरं वाटेल त्याच्यापेक्षा जास्त थांबा. पालकत्व जेवढ्यापुरतं लागतं तेवढंच मागा, अख्खा माणूस मागू नका.

आणि एक ओळ तिनं वाचली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. मी म्हणालो, "वाचा." ती म्हणाली, "लिहिलंय की बाप म्हणेल, तिला काय कळतंय. तो रागावेल. तो राग तुमच्यावर नाही. त्याला वाटतं की त्याच्या माघारी तिचं कसं होईल हे फक्त त्यालाच ठाऊक आहे."

मला मुंबईतलं कुणी ओळखत नाही. मी जन्मात दोनदा मुंबईला गेलो, दोन्ही वेळा कारखान्याच्या कामाला. आणि तिथं कुणीतरी, वातानुकूलित खोलीत बसून, माझं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय, मी ते बोलायच्या आधी! माझा राग लिहिलाय, रागाच्या आत काय होतं तेही लिहिलंय. हसण्यासाठी नाही, दुसऱ्या वकिलानं माझ्याशी नीट वागावं म्हणून. देवळात गेल्यावरसुद्धा मला असं कधी झालं नाही, खोटं कशाला सांगू. मी त्या कॉम्प्युटरला हात जोडले. वकीलबाई म्हणाली, "अहो काका!" मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. तुमच्यापाशी न्हाय, त्यांच्यापाशी जोडतोय."

ते थांबायचं जे लिहिलंय, ते माझी बायको तव्यापाशी रोज करत होती. तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. दोन्हीकडनं माणसं चालत एकाच जागी आली. तीही या बाईला भेटायला हवी होती, असं सारखं वाटत राहिलं.

खाली पुतण्या पायरीवर बसला होता, तोंड पाडून. म्हणाला, "आबा, म्हंजे मी वाईट?"

मी बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "तू ये. भेटायला." आणि आम्ही मोटारीपाशी पोचलो तेव्हा पुढचं आलं, "येताना खवा आण."

तो हसला आणि बाहीनं डोळे पुसले. "आणतो की ताई. किलोभर आणतो."

अर्ज नव्यानं झाला. पोरगी आपल्या घरात, आपल्या गल्लीत राहणार. पालक मसाल्याची काकी. तिला विचारायला गेलो तर मलाच बोलली, "इतकं दिवस पोरीला घरात कोंडून ठिवून आता आलाय व्हय? उद्यापासनं पाठवा आधी, मग कागदाचं बघू." बँकेचं, घराचं पुतण्यानं बघायचं, पण सही करण्याआधी ताईला समजावून सांगायचं. आणि वकीलबाईनं शेवटी पोरीचं ते म्हणणंही लिहिलं. कुटुंबात आजारपण किंवा मृत्यू झाल्यास तिला त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगितलं जाईल.

कलेक्टर कचेरीत समितीपुढं गेलो. साहेबांनी कागद चाळला, हे शेवटचं कलम दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "हे कशासाठी? कुणाची मागणी आहे?"

"तिची," मी म्हणालो. "तिलाच इचारा की साहेब. फक्त जरा दम धरा."

साहेबांनी विचारलं. पोरगी गप्प. साहेबांनी पेन फिरवलं, घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी वकीलबाईसारखा हात वर केला. कलेक्टर कचेरीत! शिपाई बघतच राहिला.

पोरगी म्हणाली, "आई गेली तवा मी रडलो न्हाय. कुणी सांगितलंच न्हाय. मग कवा रडायचं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कलम तसंच ठेवायला सांगितलं. हुकूम पुढं रीतसर घरी आला.

आता परवाची गोष्ट. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करून टाका. पूर्वीचा मी असतो तर पिशवी घेऊन गुपचूप गेलो असतो. पण कागद आहे. म्हणून स्वयंपाकघरात गेलो, पाटावर बसलो. ती भाकरी थापत होती. म्हणालो, "मला दवाखान्यात जायचं हाय. डोळा कापणार हायत."

तिनं भाकरी उलटली. दुसरी टाकली. मी बसून राहिलो, पाय अवघडले तरी.

"मरणार काय?"

"न्हाय गं. डोळा हाय नुसता."

तिनं माझा डोळा निरखून बघितला, मिरचीचं देठ बघावं तसा. मग तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात घातली.

"मग जावा की," ती म्हणाली.