सोडण आणि डॉक्टरांची काळी गाडी

सावंतवाडीच्या एका डॉक्टरांकडे मी ड्रायव्हर म्हणून लागलो, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. महिनाभर काम बघून मला कायम करायचं की नाही, ते डॉक्टर ठरवणार होते. त्याच महिन्यात ते चार दिवस मुंबईला गेले आणि त्यांची काळीभोर गाडी माझ्या ताब्यात आली. मी ती ऐटीत आमच्या दारात आणून उभी केली.

गाडीवर तांबड्या मातीची धूळ बसली होती. मी बाजारात गेलो तेवढ्यात बायकोने ती घासून काढली. तिचं माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं. समई असो की मासळीचं पातेलं, नारळाचं सोडण, म्हणजे वरची खरखरीत काथ्याची साल, आणि चुलीतली राख लागल्याशिवाय तिच्या लेखी काहीच स्वच्छ होत नसे. डॉक्टरांच्या गाडीलाही तिने तोच मान दिला होता.

"बघा तरी, कशी लखलखता ती!" ती म्हणाली.

बॉनेटवर आणि एका दारावर गोल गोल ओरखडेच ओरखडे. मी नको नको ते बोललो. नोकरी गेलीच म्हणून रडू मला येत होतं आणि ओरडत मी तिच्यावर होतो. ती हातात सोडण घेऊन तशीच उभी राहिली.

आरडाओरडा ऐकून शेजारचे काका आले. ते लाकडी खेळणी रंगवायचे. त्यांनी ओरखड्यांवरून नख फिरवलं.

"नख अडाकना नाय थंयसर घासान जायत. अडाकता थंय रंग भरूक होयो. रडतंस कित्याक रे?"

पांढरी दंतपूड खोबरेल तेलात कालवून जुन्या धोतराच्या फडक्याने आम्ही दोघं घासत बसलो. दुपारपर्यंत माझे हात गळून पडत, तिचे नाही. दारावरच्या खोल रेघांत काकांनी बारीक ब्रशाने काळा रंग भरला. तिसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये माडाच्या झावळ्या दिसू लागल्या आणि ती हसली. मला माझ्या बोलण्याची फार लाज वाटली.

डॉक्टर एस.टी.तून उतरून थेट आमच्याकडेच आले. "छान ठेवलीस गाडी," म्हणाले. मी नुसती मान डोलावली. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"डॉक्टरानू, माझ्या हातान ओरखडे पडले हुते," बायको दारातून म्हणाली. "ह्येंचो काय दोष नाय." मग तिने सगळंच सांगून टाकलं.

डॉक्टरांनी वाकून दार पाहिलं. एक रेघ अजून दिसत होती. ते माझ्याकडे वळले. "आता गाडी कशी धुणार?"

"आधी मऊ फडकं घेऊन..."

"आधी पाणी," ती म्हणाली. "धूळ वावान जाव दे. मगे फडक्या, ताही सरळ. गोल नाय."

डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "महिना संपायची वाट कशाला बघायची? आजपासून तू कायम," ते मला म्हणाले. "फक्त गाडीला फडकं लावण्याआधी हिला विचारत जा."