खिशातला फ्यूज

पुण्याच्या कंपनीसाठी मी चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात बसून विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीचा प्रोग्रॅम लिहीत होतो. साहेबांनी फर्मावलं, प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ निदान एकदा तरी चालली याचा पुरावा पाठव.

कॉम्प्युटरवर हे सोपं असतं. कुठल्या ओळी चालल्या, त्याची यादी फाइलमध्ये आपोआप लिहिली जाते. पेटीतल्या चिपला मात्र फाइल ठेवायला जागाच नव्हती. म्हणून मी तिच्या इवल्याशा मेमरीत शून्यांची रांग मांडली. ओळ चालली की तिच्या शून्याचा एक व्हायचा आणि दर सेकंदाला सगळी रांग वायरीतून माझ्या लॅपटॉपवर यायची.

काकांच्या मोटारीचा जुना स्टार्टर काढून तिथं पेटी बसवली. बऱ्याच शून्यांचे एक झाले. ‘विजेच्या तीनपैकी एक फेज गेला तर मोटार चालू करू नको’ या ओळी मात्र कोऱ्याच. एरवी रोज दगा देणारी लाईट त्या आठवड्यात सुतासारखी सरळ!

मग सकाळी मी मेन स्विच पाडला, एक फ्यूज काढून खिशात टाकला, स्विच पुन्हा चढवला आणि बांधावर साळसूदपणे बसलो. काकांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, मोटार ढिम्म. लॅपटॉपवर त्या ओळींचे एक उमटले. मी खूश.

काकांनी थेट लाईनमनला फोन लावला. तो फटफटीवर आला, मेन स्विच उघडला, माझ्या फुगलेल्या खिशाकडे बघून म्हणाला, “काका, फेज पुतण्याच्या खिशात हाय.”

“कावून काढलास रं?”

मी रांग, शून्य, साहेब, सगळं सांगितलं.

“म्हंजी साहेबाला तुझ्या ओळी मोजायच्यात, आन पानी माझ्या कांद्याचं बंद? घे, मोज!” म्हणत काकांनी चालू आणि बंद, दोन्ही बटणांवर एकदमच तळवे हाणले.

दिवा गोठला. पेटी मुकी झाली. लॅपटॉपवर शेवटची रांग आली होती. जी ओळ चालवून बघायचं मला कधीच सुचलं नव्हतं, तिचाही त्यात एक होता, आणि प्रोग्रॅम तिथंच अडकला होता.

लाईनमन पोट धरून हसला. मी फ्यूज परत बसवला, जुना स्टार्टर जोडून कांद्याला पाणी सोडलं आणि दुपारपर्यंत चूक दुरुस्त केली. साहेबांनी विचारलं, “ही चूक सापडली कशी?” मी लिहिलं, “अनुभवी शेतकऱ्याकडून चाचणी करून घेतली.”

काकांना ते वाचून दाखवलं. म्हणाले, “अनुभवीच्या आधी ‘लई’ लिही.”