रामाकोन्याकडचा बेपत्ता उमेदवार

निवृत्त झालो, तरी ठाण्याच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेली ती म्हातारी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

विधानसभेची निवडणूक होती. मी सौंसर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रामाकोन्याकडच्या खेड्यातला एक तरुण लहानशा पक्षाकडून उभा राहिला होता. वडील लहानपणीच गेलेले, सौंसरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, प्रचाराला एक मोटरसायकल आणि भोंगा. तो निवडून येईल असं त्याच्या पक्षालाही वाटत नव्हतं. पण तो मतं खाईल, ही धास्ती मोठ्या पक्षांना होती.

चिन्हवाटपाच्या आदल्या दिवशी तो गायब झाला. कार्यकर्ते त्याच्या आईला घेऊन आले. आम्ही गुमशुदगी, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची तक्रार, नोंदवली. ठाण्यासमोर घोषणा सुरू झाल्या, वरून फोन येऊ लागले. सगळ्यांचा संशय प्रतिस्पर्ध्याच्या दोन माणसांवर होता. त्यांना आणून वेगवेगळं बसवलं, उलटसुलट विचारलं. बनाव रचणारा माणूस न विचारलेले तपशीलही देतो; या दोघांकडे द्यायला काहीच नव्हतं. मुलाचा फोन गावातच बंद पडला होता. आई रोज येऊन बसायची, दिवस मावळायच्या आत निघून जायची.

मग तिच्या शेजारचा एक शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, माय इथं बसून राहिली अन् तिच्या बागेतली मोटर दिवसभर सुरू हाय. तोडणीले आलेल्या संत्र्याले इतकं पाणी कोणी देते का?"

हवालदाराला घेऊन बागेत गेलो. मोटर बंद केली आणि शेजारच्या खताच्या खोलीतून दार बडवल्याचा आवाज आला. कुलूप तोडलं. आत उमेदवार होता. आवाज पार बसलेला. कोपऱ्यात पाण्याचा माठ, गोधडी, झाकून ठेवलेली भाकर. तो एवढंच बोलला, "मायले काही करू नका, साहेब."

अपहरणाचे गुन्हे पाहिले होते, पण असा नाही.

महिला शिपायासमोर म्हातारीला विचारलं. तिने काही लपवलं नाही. खत काढायला म्हणून त्याला आत पाठवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. का, तेही सांगितलं.

"दोघं जण आले होते. पाणी मांगलं, म्या देलं. जाता जाता म्हणे, काकू, तुमचा एकच पोरगा हाय ना?"

पोरगा चिन्ह घ्यायला गेला नाही की नाव कटेल, आणि नाव कटलं की तो वाचेल, असा तिचा हिशोब. नाव तसं कटत नाही, ते मतयंत्रावर राहणारच, हे मी सांगितलं तेव्हा तिने पदर पुन्हा तोंडाशी धरला.

पाणी पिऊन गेलेले दोघं आम्ही आणलेल्यांपैकी नव्हते, शेजारच्या पांढुर्ण्याकडचे निघाले. म्हणाले, विचारपूस केली, त्यात कोणता गुन्हा? आणि खरंच, त्या वाक्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. मुलाने आईविरुद्ध जबाब दिला नाही. तो शेवटपर्यंत प्रचार करत राहिला. आई प्रत्येक फेरीत त्याच्या मागे चालायची. तो हरला. निकाल कळला तेव्हा कार्यकर्ते मान खाली घालून उभे होते आणि ती माउली सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होती.

त्या प्रकरणानंतर धमकीची तक्रार घेऊन कोणी आलं, की समोरचा काय म्हणाला एवढ्यावर मी थांबायचो नाही. ते ऐकून तुम्ही घरी जाऊन काय केलंत, हेही विचारायचो. खरी धमकी बहुतेक वेळा त्या उत्तरात सापडायची.