चाल माझी नव्हती

राग आधी सांगतो, कृपा नंतर. अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावच्या भजनी मंडळात एक अभंग वीस वर्षं ‘काकांच्या चालीत’ गायला गेला. काका म्हणजे मी. ती चाल माझी नाही. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मात्तेओ वाल्तोर्नी यांची आहे. शिकायला अमेरिकेत आलो तेव्हा माझी खोली चर्चला लागून होती. तिथल्या सरावात ती ऐकली, रचनाकाराचं नाव विचारून वहीत लिहूनही घेतलं. पुढे मंडळात पेटीवर वाजवली. “काका, चाल तुमची?” कोणीतरी विचारलं, आणि मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

२००५ मध्ये आमच्या हिची बायपास झाली. आत ऑपरेशन चालू, आणि माझ्या तोंडून देवाचं नावही निघेना. हॉस्पिटलच्या प्रार्थनागृहात जाऊन बसलो. तिथे एक वयस्क बाई ऑर्गन वाजवू लागल्या, आणि तीच चाल! खाली संथ खर्ज, वर एकट्या सुराचं आर्जव. मला रडू आवरेना. त्या उठून जवळ आल्या.

“तुम्हाला ही रचना माहीत आहे?”

हसून वेळ मारून न्यायची सवय होती. त्या दिवशी हसू येईना. मग त्यांनीच सांगितलं. प्लेगने वाल्तोर्नींची दोन्ही मुलं नेली, तरी दर रविवारी ते चर्चमध्ये नवी रचना घेऊन जात राहिले. ते वारल्यावर पुढच्या वादकाने त्यांचं नाव खरवडून त्या रचना आपल्या म्हणून खपवल्या; खरं नाव फार उशिरा उजेडात आलं.

“चोर!” मी ओरडलो. कोणाला म्हणालो, ते माझं मलाच कळलं.

ऑपरेशनमधून ही वाचली. महिन्याभरात मंडळाची सीडी निघायची होती, त्यात या अभंगाची चाल माझ्या नावावर होती. अध्यक्षाला फोन करून सगळं कबूल केलं, वाल्तोर्नींचं नाव छापायला सांगितलं.

“काका, कव्हर फायनल झालंय. चारशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस केस करणार आहे का?”

माझं डोकंच फिरलं. “अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, ते गाळून गाशील? मग चाल देणारा काय बेवारशी? नाव नसेल तर अभंगच काढ!”

“पण लोक काय म्हणतील?”

“चोर म्हणतील. बरोबरच म्हणतील.”

नाव छापलं गेलं. काही जण माझ्याशी बोलेनासे झाले, त्याचं वाईट वाटत नाही. पूजेसाठी शेजाऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडणाऱ्यांना मी पुण्यात नावं ठेवायचो, आणि इथे वीस वर्षं तेच करत होतो. देवाला वाहण्यासारखं माझं स्वतःचं असं काही असेल, तर ती ही कबुली. त्याने ती मागून घेतली, एवढे त्याचे उपकार.