गाय बघायला गेलो नाही

वडगाव निंबाळकरच्या दूध केंद्रावर माझ्या आधी एक तात्या व्यवस्थापक होते. शिक्षण बेताचं, वह्या कायम अर्धवट. कुणाचं दूध परत गेलं, की सकाळचं संकलन उरकून हा माणूस त्याच्या गोठ्यात जाऊन बसायचा. मला हसू यायचं. ते निवृत्त झाले, खुर्ची मला मिळाली आणि मी ठरवलं, शिस्त काय असते ते आता दाखवतो.

दाखवली की. रजिस्टर चकाचक, वेळ म्हणजे वेळ, खराब दूध जागच्या जागी परत.

वस्तीवरच्या एका मावशींचं दूध लागोपाठ तीन दिवस परत केलं. दुधात बारीक गाठी होत्या. नवरा गेलेला, घर एका गाईवर चाललेलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "साहेब, जरा गोठ्यात येऊन बघता का? मला काय उमजंना."

"मावशी, माझं काम दूध बघायचं. गाय तुमची तुम्ही बघा."

गाठी म्हणजे गाईच्या कासेला दगडीचा रोग झालेला, लगेच औषध पाहिजे, हे मला कळत होतं. मागं रांग होती म्हणून एवढं वाक्यही मी बोललो नाही. चौथ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. सुटलो बुवा, म्हटलं.

पुढच्या महिन्यात एकही किटली परत गेली नाही. वरचे साहेब खूश. बारामतीला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं विचारलं, व्यवस्थापक आणि नेता यांच्यात फरक काय? मी उभा राहून फडाफडा सांगितलं, एक काम करून घेतो, दुसरा माणसाच्या पाठीशी उभा राहतो. टाळ्या पडल्या. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण मी खुशीत खाली बसलो.

परत आलो तर तात्या भेटले. "त्या बाईनं गाय इकली रं. दगडीनं कासंचं चारी सड गेलं. इंदापूरचा यापारी मातीमोल घिऊन गेला. पैल्याच दिवशी कळलं आसतं तर वाचली आसती." एवढं सांगून ते वाटेला लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग गेलो वस्तीवर, पहिल्यांदाच. मला बघून मावशी गडबडीनं उठल्या, पदर सावरला. "साहेब, मी आता दूध न्हाय घालत व्हो. तुमाला काय तरास न्हाय."

माफी मागायला गेलो होतो. त्यांनी बाज टाकली, मला बसवलं आणि आत जाता जाता ओशाळून विचारलं, "च्या कोरा चालंल का?"