नांदायला तयार नाही

"अर्धा कोयता माहेरी बसवून टोळी कशी चालायची, पाव्हणं?"

मुकादम माझ्या वडिलांना विचारत होता. अर्धा कोयता म्हणजे मी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. एकटा गडी मुकादमाला नको असतो. दिवाळी तोंडावर आली, तसा माझा नवरा मुकादमाला घेऊन गंगाखेडजवळच्या आमच्या गावी मला न्यायला आला होता.

मी चहा घेऊन ओसरीवर गेले. डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं. मागच्या हंगामात नवऱ्यानं फडातच मारलं होतं, साऱ्या टोळीदेखत. का, तर डोक्यावरची मोळी सुटली. मुकादम तेव्हा ट्रॅक्टरला टेकून बघत होता. तोच आता न्याय करायला बसला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

मी म्हणाले, "मी न्हाई जायची."

मुकादमानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वडिलांनाच विचारलं, "काय म्हणायलीय ती?"

वडील ओशाळं हसले. "रुसलीय जरा. येईल."

रुसलीय! मनगट मोडलं आणि मी म्हणे रुसले. मारापेक्षा त्या हसण्याचा राग जास्त आला. कपांचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मला फारकत पायजे."

आमच्या घरात हा शब्द कुठल्या बाईनं तोंडातून काढला नव्हता. आत मायनं तोंडाला पदर लावला. नवरा चहा न घेताच उठून गेला. मुकादमानं मात्र घेतला.

उद्या परभणीला जायचं आहे, वकिलाकडं, पहिल्यांदाच. फोन दादानं लावला. वाटलं, चला, भाऊ तरी आपल्या बाजूनं आहे. काल जेवताना तो मला शिकवायला बसला.

"समदं मी बोलतो. तू निस्ती मान हलव. साहेबांनी इचारलंच तर म्हणायचं, मी नांदायला तयार हाय."

"पण मी तयार न्हाई."

"आगं, म्हणायचं असतंय तसं. नोटीस गेली की नवरा घाबरतंय, नीट वागवीन म्हणत परत येतंय न्यायला."

म्हणजे वकील मला सोडवायला नाही, परत धाडायला. माझं डोकंच फिरलं.

आज कापूस वेचताना दिवसभर तोंडानं तालीम केली. मनगटाचं सांगायचं. अंगावरून जात असताना मोळ्या उचलायला लावल्या, तेही परक्या पुरुषाला सांगायचं. तिथं आलं की अडते. पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेजारच्या सरीतली बाई म्हणाली, "कुणासंगं भांडायलीस गं?"

"वकिलासंगं."

ती हसली. मला हसू आलं नाही.

मायचं वेगळंच. "गरीब तोंड करून बस. बाई मोठ्यानं बोलली की साहेबाला वाटतंय हिचीच चूक हाय."

मार खायचा आम्ही, आणि सांगायचा तोही कुणाला आवडेल अशा आवाजात!

दादाचा इस्तरीचा शर्ट तयार आहे. मघाशी त्याला सांगून टाकलं, "सोबत चल. पण आत मी एकटी जाणार."

"आगं, केस कमजोर व्हईल."

होऊ दे. हा वकील नाही म्हणाला तर दुसरा बघेन. तारखांना एकटी जाईन. वर्षं लागली तर लागू देत. पण नांदायला तयार आहे, हे खोटं माझ्या तोंडून निघणार नाही.