काळ्या पानांवरची लाल फुली

हा किस्सा मी कंपनीच्या बसमध्ये कुणाला सांगितलेला नाही. तुम्ही घरचे, म्हणून सांगतो. वीस वर्षांच्या नोकरीत झाली नाही एवढी शोभा मी एका रविवारी सकाळी स्वतःच्या हातानं करून घेतली.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेले पार्ट तपासायचे, बास. चांगल्या पार्टवर पिवळ्या मार्करचा ठिपका, खराब पार्टवर लाल फुली आणि खाली सही. फुली मोठी मारायची, म्हणजे तो पार्ट चुकूनसुद्धा परत लाइनवर जात नाही. हे दोन मार्कर कायम माझ्या खिशात असतात. आमची ही म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतात.

आणि दुसरं वेड सुपरहिरोंच्या कॉमिक्सचं. वय त्रेचाळीस. हसून घ्या.

पिंपरीत नानांचं कॉमिक्सचं दुकान आहे. नाना मूळचे मोशीचे शेतकरी. शेतात इमारती उभ्या राहिल्यावर त्यांनी हौसेनं दुकान टाकलं, पण स्वतः एक पान वाचत नाहीत. पुढच्या महिन्यात येणाऱ्या अंकांची एकेक नमुना प्रत त्यांच्याकडे आधी येते. ती बघून कुठले अंक मागवायचे ते कळवायचं.

शनिवारी त्यांचा फोन आला. "राव, मागल्या खेपंला मी माझ्या अकलेनं मागवलं, गठ्ठे तसंच पडून हायेत. आता चुकलं तर थोरला पोरगा म्हनतोय दुकान बंद करा. तुमी तपासनारं मानूस. उद्या या न् सांगा, कुठला अंक घेन्याजोगा हाय."

मला तपासायला बोलावलंय, तेही कॉमिक्स! अहो, मी त्या दिवशी दाढी करून गेलो.

नानांनी मागच्या खोलीत स्टूल दिलं, समोर पाच प्रती ठेवल्या आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले. मी पहिला अंक उघडला आणि हरखूनच गेलो. 'लोहपंख' ढगातून खाली येतोय, दोन पानं भरून एकच चित्र, एकेक पीस सुटं दिसतंय. माणसाच्या हाताला असं कसं जमत असेल? किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. पास. दुसरा पास, तिसरा पास, चौथा पास.

पाचवा होता 'धूमकन्या'. उघडला तर आतल्या पहिल्याच पानावर पेनाच्या रेघोट्या. पुढची आठ पानं कोरी काळी. ना चित्र, ना अक्षर. दहाव्या पानापासून गोष्ट सुरू. म्हटलं, छपाईत माती खाल्ली यांनी.

तेवढ्यात नाना चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. चार अंकांच्या कोपऱ्यावर पिवळे ठिपके होते. पाचव्याच्या मुखपृष्ठावर, धूमकन्येच्या तोंडावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. खाली माझी झोकदार सही. देवाशपथ सांगतो, मी कधी मारली ते मलाही कळलं नव्हतं. हात आपला चालला होता.

"ह्ये काय केलं राव?"

आता सवयीनं झालं म्हणून सांगायला जीभ रेटेना. मी मान ताठ केली. "रिजेक्ट. आठ पानं छापलीच नाहीयेत, वर पेनाचे डाग. एकही प्रत मागवू नका. आणि रिजेक्ट माल दुकानात ठेवायचा नसतो, हा मी घेऊन जातो."

"तुमी म्हनताय म्हंजी खरंच असंल," म्हणाले नाना, आणि लगेच फोन लावला. चार अंक मागवले, पाचवा नको. वर दापोडीच्या आणि चाकणच्या दुकानदारांनाही कळवलं, क्वालिटीवाल्या सायबानं नापास केलाय, घेऊ नका. माझी छाती दोन इंच फुगली.

घरी हिनं अंक हातात घेतला, खिडकीशी बसली आणि काळी पानं उगाच उन्हात इकडेतिकडे हलवायला लागली.

"अहो, हे बघितलंत का?"

"काय बघायचंय? कोरी पानं ती."

"तिरकं धरा."

धरलं. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. काळ्यावर काळ्याच चकाकत्या शाईत आख्खं शहर काढलेलं होतं. पूल, गल्ल्या, गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेली धुणी. गोष्टीत धूमकन्येची दृष्टी गेली होती, ती हातानं चाचपडत शहर ओळखत होती. म्हणून पान डोळ्याला काळं आणि बोटाला उठावाचं. आठही पानं मी बोट फिरवत बघितली. पेनाच्या रेघोट्या म्हणजे चित्रकाराची सही.

आणि मी रोज काय करतो? पार्ट उजेडात तिरका धरतो, ओरखडा दिसावा म्हणून. वीस वर्षं!

तसाच गाडी काढून नानांकडे. "नाना, तो पाचवा मागवा, सगळ्यात तोच भारी आहे."

"आता व्हय? न्हाई मिळायचा. मोजकंच छापलेत, त्ये सगळं दुसरीकडं गेलं."

म्हणजे दापोडीपासून चाकणपर्यंत त्या अंकाची एकच प्रत, आणि तिच्यावर माझी फुली. मी ती गुपचूप नानांच्या हातात ठेवली.

नाना मात्र हिकमती. त्यांनी ती काचेच्या कपाटात मांडली, शेजारी दिवा लावला. लोक लांबून बघायला यायला लागले. नाना अंक काढून देतात, लोक पानं तिरकी धरून बघतात, आणि जाताना बाकीचे अंक घेऊन जातात. थोरल्यानं दुकान बंद करायचं नाव टाकलं.

सगळं गोड झालं म्हणा. पण गेल्या रविवारी आमच्या कंपनीचे मॅनेजर त्या दुकानात गेले. पंधरा मिनिटं काळी पानं बघत उभे होते म्हणे. मग अंक मिटला आणि मुखपृष्ठावरची सही बघितली. ती सही त्यांच्या टेबलावर रोज येते.

सोमवारी मी शिफ्टला गेलो, तर माझ्या टेबलावर गेल्या आठवड्यातला सगळा रिजेक्ट माल रचून ठेवलेला. वर चिठ्ठी होती, "हे सगळं परत एकदा बघा. तिरकं धरून."